कोणता लावा, विहीणबाई?

८ जानेवारी

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

फोनच केला असता, पण तुमच्या जावयाने मनाई केली आहे. म्हणतो, "आई, तुम्ही दोघी पाच मिनिटं बोलता आणि मग आठवडाभर मला दोघींचे फोन येतात. मी इथे बोगद्यात सुरुंग उडवून दमलेला असतो. जे काय असेल ते एकमेकींना लिहा. लिहिताना माणूस थंड होतो." होऊ दे बापड्याचं समाधान. म्हणून हा कागद.

कारण भिंगरी. आपली नात सुट्टीत चार दिवस तुमच्याकडे काय राहून आली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. उठता लावा, बसता लावा. मी गणवेशाचं कापड बेतायला घेतलं की ही टेबलाखाली बसून सुरू होते, "आजी, पक्ष्यांच्या आजीकडचे लावे ना, वाळूत आंघोळ करतात. आजी, लाव्याचं अंडं ना, ठिपक्याठिपक्यांचं असतं." मी मशीनची आजी आणि तुम्ही पक्ष्यांची आजी, ही नावं तिनेच ठेवलेली. मशीनपेक्षा पक्षी केव्हाही बरे दिसतात, हे मलाही कळतं.

तर मी घरी लावे आणायचं ठरवलंय. कोणत्या जातीचे आणावेत, एवढंच विचारायचं आहे. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, मागे गॅलरी, सकाळचं ऊन येतं. खाली एक नर्स राहते, तिला कायमची रात्रपाळी, ती दिवसा झोपते. तेव्हा आवाज नको. वास नको. पिसं उडायला नकोत, माझ्याकडे लोकांचे पांढरे शर्ट पडलेले असतात. तुमचा सगळा जन्म अंडी उबवण्याच्या केंद्रात गेला, तेव्हा एवढं तरी सांगता येईल. पक्षी पाठवू नका. फक्त जात सांगा.

भिंगरीची शाळा छान चालली आहे. बाईंची अगदी लाडकी आहे. पुढच्या वर्षीही त्याच बाई वर्गाला असणार, असं ऐकते.

तुमच्या मुलीची सासू

१५ जानेवारी

विहीणबाई,

'सप्रेम' वाचून चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. होतं खरं.

तुमचं शेवटचं वाक्य मी आधी घेते, कारण पत्र लिहिलंय ते त्यासाठीच. पुढच्या वर्षी बाई त्याच असोत नाहीतर दुसऱ्या येवोत, भिंगरी पुढच्या वर्षी माझ्याकडे असणार आहे. पोरांनी ते बोगद्याचं काम घेतलं तेव्हाच चौघांसमोर ठरलं होतं, पहिलं वर्ष तुमच्याकडे आणि दुसरं माझ्याकडे. आता तुमच्या मुलाने मध्येच "तिला जिथे राहायचंय तिथे राहील" असं नवीन काढलंय. ते त्याच्या डोक्यात कोणी भरलं हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणजे लावे कशासाठी तेही कळलं. माझ्याच पक्ष्यांचं आमिष दाखवून माझीच नात अडकवायची, आणि वर आमिष कोणतं लावू म्हणून मलाच विचारायचं. धन्य आहे तुमची!

तरी सांगते, कारण तुमच्या हातून मरतील ते पक्षी मरतील, त्यांचा काय दोष.

लाव्यात पाळण्यासारख्या तीन जाती धरा. एक जपानी लावा, मी पाळते तो. दणकट, भरपूर अंडी देतो, पण नर ओरडतो. ओरडतो म्हणजे, घसा बसलेला माणूस शिंकला तर कसा आवाज येईल तसा, आणि दिवसभर. दुसरा बॉबव्हाइट. तो शीळ घालतो, गोड वाटते, पण दोन गल्ल्या पलीकडे जाते. शिवाय बुजरा, त्याला मोठं जाळीघर लागतं. तिसरा चिनी लावा. मुठीत मावेल एवढा. नर निळसर, गळ्याखाली पांढरी पट्टी. जोडीने राहतो, आवाज अगदी हलका, आणि मादी स्वतः अंड्यांवर बसते. जपानी मादीला ते जमत नाही, तिची ती सवय माणसाने मोडून टाकली. रानातून धरून आणलेला लावा कोणी विकायला आणला तर दारातूनच हाकला. तो पिंजऱ्यात डोकं आपटून जीव देतो आणि कायद्यातही बसत नाही.

तुमच्यासाठी चिनी जोडी. पिंजरा बुटका घ्या, हातभर उंच पुरे. लावा दचकला की सरळ वर उडतो.

खरं विचाराल तर काहीच आणू नका. पोर एप्रिलात इकडे येतेच आहे. आणि तुमच्या घरी लावे कशाला हवेत, लावालावी आहे तेवढी पुरे.

तुमच्या मुलाची सासू

५ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमच्या सल्ल्याबद्दल आभार. तुमच्या सल्ल्याचा मला नेहमीच फार उपयोग होतो. भिंगरी तान्ही असताना तुम्ही म्हणालात, रडते तर घट्ट गुंडाळा. मी दुपटं काढून टाकलं, पोर शांत झोपली. तुम्ही म्हणालात, गॅलरी बंद करून खोली वाढवा. मी उघडी ठेवली, आज पिंजरा तिथेच मावला. दहा वर्षं झाली या सोयरिकीला. तुम्ही बोट दाखवाल त्याच्या विरुद्ध दिशेला चाललं की घर सापडतं, हे मी पक्कं शिकले आहे.

म्हणून तुम्ही चिनी म्हणालात तेव्हाच मी ओळखलं. मुठीएवढा पक्षी, थंडी लागली की गेला, कपाटाखाली शिरला की गेला, आणि मग नाव माझं. "मशीनच्या आजीला पक्षी सांभाळता येत नाहीत." नको गं बाई. मी जपानी आणले. चार आहेत. पक्षीवाला म्हणाला चारही माद्या, आवाजाचा प्रश्नच नाही. पिंजराही चांगला उंच घेतला आहे, जीव आहे तो, डब्यात कोंडायचा का?

नावं भिंगरीने ठेवली. बटण, काज, हुक आणि टाका. बघा म्हणजे, मशीनवरून ठेवली. पक्ष्यांच्या आजीवरून एकही नाही. बटण तिचा विशेष लाडका. तिच्या तळहातावर बसून दाणे खातो. शाळेतून आली की दप्तर दारात आणि ही गॅलरीत.

त्यातला एक जरा आवाज करतो. गंभीर काही नाही.

तुमच्या मुलीची सासू

११ फेब्रुवारी

विहीणबाई,

भिंगरीचा रविवारी फोन आला होता. तुम्ही लिहिलं नाहीत ते तिने सांगितलं. टाका वर उडाली आणि जाळीवर डोकं फुटून घेतलं, दोन दिवस मान वाकडी होती. का? तर पिंजरा उंच! बुटक्यात लागतंच नाही, उडायला जोर मिळत नाही. उंचात वेग घेतात आणि धाडकन आपटतात. सांगितलं होतं की नाही? पण पालथ्या घड्यावर पाणी.

आता नवीन पिंजरा घेऊ नका. वरच्या जाळीच्या आतून जाड सुती कापड ताणून शिवा, डोकं लागलं तर कापडाला लागेल. तेवढं तरी येत असेल.

आणि जो 'जरा आवाज करतो' तो नर आहे. पक्षीवाल्याने तुमच्या तोंडाला पानं पुसली. पिल्लं लहान असताना घेतलीत, तेव्हा कळत नाही. आता छाती बघा. फिकट छातीवर काळे ठिपके असतील तर मादी. विटकरी रंगाची, बिनठिपक्यांची छाती असेल तर नर. आयुष्यभर छापील आणि साधं कापड वेगळं करत आलात, एवढं जमावं. एक नर आणि तीन माद्या असतील तर काळजी नाही, चांगलं नांदतील. तुमच्या खालच्या नर्सचं मात्र काही खरं नाही.

तुमच्या मुलाची सासू

२४ फेब्रुवारी

विहीणबाई,

कापड तुमचं पत्र यायच्या आधीच शिवलं होतं. दुहेरी, मध्ये कापूस घालून. हे तुमच्या सांगण्यावरून नाही, माझ्या अकलेने. तारखा बघा पाहिजे तर.

बाकी मी काही विचारत नाहीये, नुसतं कळवते आहे. छात्या बघितल्या. दोन ठिपक्यांच्या आणि दोन विटकरी. काज आणि टाका माद्या, हुक आणि बटण नर. हुक ओरडला की बटण ओरडतो, बटण ओरडला की हुक. नर्स दोनदा वर येऊन गेली. पहिल्यांदा हसत आली होती.

ओरडण्याचं मी बघून घेईन. पण परवापासून हुक बटणाच्या मागे लागलाय. मान ताठ करून येतो आणि डोक्यावर चोच मारतो. बटणाच्या डोक्यावरची पिसं थोडी गेली आहेत. भिंगरी म्हणते, "आजी, ते खेळतात." मला खेळण्याचं लक्षण दिसत नाही.

पोर भलतीच गुंतली आहे. काल विचारत होती, "आजी, पुढच्या वर्षी पक्षी कुठे राहतील?" मी म्हटलं, "इथेच, कुठे जाणार?" मग म्हणाली, "मग त्यांना दाणे कोण देईल?" तिचा कौल कुठे आहे ते समजून घ्या. मी काही भरवत नाही तिच्या डोक्यात.

तुमच्या मुलीची सासू

१ मार्च

विहीणबाई,

घाईत लिहिते आहे, पण हे पत्र नीट वाचा.

दोन्ही नर एकत्रच ठेवा. वेगळे अजिबात करू नका. लावा हा कळपाचा पक्षी, एकटा काढला की झुरून मरतो. चार दिवस भांडतील, एखादं पीस जाईल, मग सख्ख्या भावांसारखे राहतील. मध्ये पडू नका. माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

तुमच्या मुलाची सासू

१२ मार्च

तुम्हाला विहीणबाई म्हणायचीही इच्छा नाही.

बटण मेला.

मंगळवारी दुपारी मी शाळेच्या दुकानात गणवेश पोचवायला गेले होते. परत आले तर गॅलरीचं दार सताड उघडं आणि भिंगरी पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसलेली. बटण कोपऱ्यात पडला होता. डोक्याची कातडी सोलून निघाली होती आणि एक डोळा नव्हता. तो हुक वर ओरडत होता, जसं काही राज्य जिंकलं. मी पोरीला उचलून आत आणायला लागले तर तिने माझा हात झटकला. रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही.

आज तिसरा दिवस. विचारलं तेवढंच बोलते. ताटातलं इकडचं तिकडे करते. परीक्षा तोंडावर आली आहे आणि पुस्तक उघडं ठेवून भिंतीकडे बघते.

मी पक्षीवाल्याकडे जाऊन विचारलं. तो हसला मला! म्हणाला, "आजी, माद्या कमी असताना दोन नर एका पिंजऱ्यात? कोणी सांगितलं तुम्हाला?" कोणी सांगितलं ते मी त्याला सांगितलं नाही, लाज वाटली. उबवण केंद्रात तुमचा जन्म गेला म्हणता. मग हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? की ठाऊक होतं? पोरीचं इथलं मन उडावं म्हणून तुम्ही हे केलंत का? माझ्यावर राग होता तर माझ्यावर काढायचा होता. मुक्या जिवावर आणि आठ वर्षांच्या पोरीवर काढलात!

उत्तर पाठवलं नाहीत तरी चालेल. पण मला कळलं पाहिजे.

१६ मार्च

विहीणबाई,

तुम्ही माझं ऐकलंत कशाला?

दहा वर्षांत एकदा तरी ऐकलंय माझं? गुंडाळा म्हटलं तर सोडलंत. चिनी म्हटलं तर जपानी आणलेत. बुटका म्हटलं तर उंच आणलात, आणि वर मला लिहून कळवलंत, की मी बोट दाखवेन त्याच्या विरुद्ध गेलं की घर सापडतं. तुमचंच वाक्य आहे, काढून वाचा!

तुमचं चोविसाचं पत्र वाचताच मी ओळखलं. डोक्यावर चोच मारायला लागला म्हणजे दिवस थोडे राहिले. "ताबडतोब वेगळे करा" असं लिहिलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत? म्हणाला असतात, ही बया वेगळे करा म्हणतेय म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं आहे, राहू देत एकत्र. अगदी हेच म्हणाला असतात. म्हणून मी उलटं लिहिलं. दहादा विचार करून लिहिलं. पाकीट पेटीत टाकताना मला वाटलं, चला, या बाईचा हट्ट एकदा तरी कोणाच्या कामी येईल. आणि तुम्ही नेमकं तेच पत्र शहाण्या मुलीसारखं पाळलंत!

मी त्या पक्ष्याला मारलं नाही. हुकाने मारलं, आणि त्याच्या चोचीसमोर ठेवलं तुम्ही.

पोर बोलायला लागली का ते कळवा. रविवारी तिचा फोन आला नाही. मी केला तर कोणी उचलला नाही.

तुमच्या मुलाची सासू

२१ मार्च

विहीणबाई,

मी तुमचं ऐकलं नाही.

पत्र वाचलं आणि पाच मिनिटांत हुकाला बाहेर काढलं. इस्त्रीच्या कपड्यांची मोठी टोपली आहे, ती उपडी घालून त्याला आत ठेवला, वर वजन ठेवलं, पाण्याची वाटी ठेवली. तुम्ही म्हणालात एकत्र, म्हणजे वेगळे, एवढं मला कोणी शिकवायला नको. तुमचा हिशेब चुकला नव्हता. माझ्याबद्दलचा तरी नाही.

बाराला मी तुम्हाला अर्धंच लिहिलं. टोपलीचं लिहिलं असतं तर दोष माझ्यावर आला असता, आणि उरलेलं तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं टोपली कलंडली, पिंजऱ्याचं दार माझ्याकडूनच उघडं राहिलं, हुक स्वतःच परत शिरला आणि पोरीने ते मागाहून लावलं. तुमचं 'ऐकलंत कशाला' आलं तेव्हा मी ते मशीनवर बसून मोठ्याने वाचत होते, रागाने. भिंगरी मागे उभी होती ते मला दिसलं नाही. तीन ओळी ऐकल्या असतील तिने. म्हणाली, "आजी, तू नाही ऐकलंस. मी ऐकलं."

तुमचं एक तारखेचं पत्र माझ्या बेतायच्या टेबलावर कैचीखाली पडलं होतं. पोरीला आता अक्षर वाचता येतं, विसरलात का? 'एकटा काढला की झुरून मरतो.' तिने ते वाचलं. हुक टोपलीत एकटा. मशीनची आजी पक्ष्यांच्या आजीचं ऐकत नाही, हे तर तिला रोजचंच. म्हणून मी गणवेश घेऊन बाहेर पडल्यावर तिने वजन उचललं, हुकाला छातीशी धरून नेलं आणि बटणाशेजारी ठेवलं. दार लावलं. दोघे भांडायला लागले तेव्हा ती हात मागे बांधून बसून राहिली. का, तर तुम्ही लिहिलं होतं, मध्ये पडू नका.

तिने मला हे सगळं इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला डोक्यावरचा पंखा बंद करावा लागला. आणि शेवटी म्हणाली, "मी नीट वाचलं नसेल ना, आजी? पक्ष्यांची आजी चुकीचं कशी लिहील?"

मी तुमचं पत्र घडी घालून पोलक्यात घातलं. पुढचं तिने ऐकलं नाही, म्हणजे तुम्ही मुद्दाम उलटं लिहिलंत ते तिला अजून माहीत नाही.

आता ऐका. मी तिला सांगितलं तर ती मानणार नाही. मी तुम्हाला नावं ठेवते हे तिने जन्मापासून ऐकलंय, त्यात अजून एक, असं म्हणेल. सांगायचं तर तुम्हीच सांगायचं. सांगितलंत की ती पुढच्या वर्षी तुमच्याकडे येईल असं मला वाटत नाही. नाही सांगितलंत तर जन्मभर समजेल की बटणाला तिने मारलं. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते मला ठाऊक नाही, आणि मी तुमच्या जागी नाही याचा मला आनंद आहे.

रविवारी संध्याकाळी मी फोन तिच्या हातात देईन.

तुमच्या मुलीची सासू

३० मार्च

विहीणबाई,

तुम्ही दाराआडून ऐकत होतात की नाही मला माहीत नाही. नसाल तर सांगते, कारण तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगू?

मी आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, "भिंगरे, तू बरोबर वाचलंस. मीच चुकीचं लिहिलं होतं. मुद्दाम." ती म्हणाली, "का?" मी म्हटलं, "तुझी मशीनची आजी माझं ऐकत नाही, उलटं करते. तिने उलटं करावं म्हणून मी उलटं लिहिलं." वाटलं होतं रडेल, चिडेल. तर म्हणते कशी, "पण मी तर ऐकते ना."

मी म्हटलं, "हो गं, बाळा." मग विचारते, "मशीनच्या आजीला माहीत होतं, की तू लिहिलंस त्याच्या उलटं करायचं?" मी म्हटलं, "होतं." ती म्हणाली, "म्हणजे तुम्हा दोघींना माहीत होतं. मला एकटीलाच नव्हतं." आणि फोन ठेवला.

माझे लावे संध्याकाळी दाण्यासाठी जमले तेव्हा मला त्यांचं तोंड बघवेना. घातलं आणि आत आले.

झालं तुमच्या मनासारखं. ठेवा तिला. शाळा चांगली आहे, बाईही त्याच आहेत. मी भांडायला येणार नाही. हुकाला मात्र आता दोन माद्यांबरोबर ठेवलात तर त्या टकल्या होतील, त्याला वेगळाच ठेवा. हे सरळ लिहिते आहे. सरळ म्हणून कसं ओळखायचं ते तुमचं तुम्ही बघा.

तुमच्या मुलाची सासू

२० एप्रिल

विहीणबाई,

माझ्या मनासारखं झालेलं नाही. ती माझ्याकडेही राहिली नाही.

परीक्षा संपली त्या दिवशी तिने बापाला फोन लावला आणि सांगितलं, मला तुमच्या बोगद्याजवळच्या वसतिगृहाच्या शाळेत घाला. त्याला वाटलं मी रागावले. तुमच्या मुलीला वाटलं तुम्ही काही बोललात. दोघं मिळून आले, पोरीला समोर बसवलं, विचारलं, "आजीकडे का नको?" म्हणाली, "कोणत्या?" तो म्हणाला, "कोणत्याही." तर म्हणाली, "त्या एकमेकींशी बोलतात, माझ्याशी नाही बोलत. मी मध्ये असते फक्त." तुमची मुलगी उठून आत गेली. माझा मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, तुमच्यापेक्षा सुरुंग बरे. उडायच्या आधी भोंगा तरी वाजतो."

मी एकदा तिला एकटीला गाठून म्हटलं, "अगं, खोटं तिने लिहिलं, मी तर हुकाला वेगळा केला होता!" म्हणाली, "मग मला का नाही सांगितलंस, की का वेगळा केलास?" खरंच, विहीणबाई, मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. टोपली उपडी घातली आणि कापडं घेऊन बाहेर पडले. तुमच्यावर कुरघोडी झाली, त्या आनंदात होते.

गेल्या रविवारी गेली. पेटी मी भरली, प्रत्येक कपड्यावर तिचं नाव शिवलं. निघताना माझ्या कमरेला मिठी मारली, पण सोडली लवकर.

पक्षी माझ्याकडे आहेत. हुक वेगळा आहे, तुम्ही लिहिल्याप्रमाणे. मी पक्षीवाल्याला विचारून खात्री केली, रागावू नका. नर्स म्हणते, मूल गेलं, आता हे कशाला ठेवता? मी म्हटलं, तुमची झोप तुमच्यापाशी, माझे पक्षी माझ्यापाशी.

आता मुद्द्याचं. वसतिगृहातून तिला दर दोन दिवसांनी फोन करू देतात. काजेच्या पायाला माती चिकटून गोळा झाल्याचं मी मागच्या फोनला सांगितलं होतं; काल मला विचारत होती, तो कसा काढायचा. मी सांगितलं, कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवायचा, ओढायचं नाही. ती म्हणाली, "बरं, पक्ष्यांच्या आजीने पण हेच सांगितलं." म्हणजे तिने तुम्हाला आधी विचारलं होतं. पक्षी माझ्याजवळ, ती तिकडे, आणि पायाची काळजी ती दोन ठिकाणी विचारून करते. मी म्हटलं, "अगं, एकीला विचारलंस तर पुरे की." म्हणाली, "नाही. दोघींचं सारखं आलं तरच मी खरं धरते."

मला तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. तुमच्याकडेही काही वेगळं नसणार.

पहिली सुट्टी जूनमध्ये आहे, आठवडाभर. आईबापांना रजा नाही. पुढच्या महिन्यात ती विचारणार आहे, सुट्टीत कोणाकडे जाऊ? तुम्हाला विचारेल आणि मलाही विचारेल. मी 'पक्ष्यांच्या आजीकडे जा' म्हणणार आहे. हे पत्र लिहायला बसण्यापूर्वी मी चार वेळा दुसरं ठरवून पाहिलं, पण नाही, हेच म्हणणार. वर्ष तुमचं होतं आणि ते तुमच्या हातून गेलं, त्यात निम्मा वाटा माझा. तेव्हा तुम्हीही 'माझ्याकडे ये' असंच म्हणा. माझ्यावर उपकार म्हणून, मोठेपणा म्हणून 'तिकडे जा' म्हणू नका. पाया पडते, एवढं एकदा उलटं करू नका. दोघींचं सारखं आलं नाही तर ती कोणाकडेच येणार नाही.

तुमच्या मुलीची सासू